त्रेचाळीस इंचांचा युक्तिवाद

लग्नाचे अल्बम करणारे, यूट्यूबसाठी व्हिडिओ कापणारे, छोट्या जाहिरातींची कामं घेणारे अशा मंडळींमध्ये सध्या एक सल्ला फार खात्रीनं दिला जातो. मॉनिटर घ्यायचाय? मग मॉनिटरच्या दुकानात जाऊच नका. सरळ ४३ इंची फोर-के टीव्ही घ्या, एचडीएमआयची वायर जोडा आणि कामाला लागा. २७ इंची फोर-के मॉनिटरवर जेवढे पिक्सेल, तेवढेच याच्यावर. पडदा मात्र अडीचपट. किंमत बरोबरीची, कधी कमीसुद्धा. रंगांचं काय, असं विचारलं तर उत्तर तयार असतं: शेवटी बघणारा मोबाइलवरच बघणार आहे, तिथे कुठे कोणाचे रंग बरोबर असतात?

सल्ला आकर्षक आहे आणि देणारेही काही अडाणी नाहीत. पदरचे पैसे घालून धंदा करणारी माणसं आहेत ती, आणि मॉनिटर कंपन्यांनी ‘क्रिएटर’, ‘स्टुडिओ’ असले शब्द खोक्यावर छापून वाढवलेल्या किमतींचा त्यांना वीट आला आहे. तो वीट मलाही आला आहे. तरीही हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो ज्या क्रमानं विचार करायला लावतो तो क्रम त्याहून चुकीचा आहे. आधी आकार ठरवायचा, मग त्या आकारात काय परवडतं ते बघायचं, आणि रंग, उजेड, कोन हे सगळं नशिबावर सोडायचं. संपादनाच्या पडद्याची निवड याच्या बरोबर उलट व्हायला हवी. पडद्यावर विश्वास ठेवता येतो का, हा पहिला प्रश्न. तो किती मोठा, हा शेवटचा.

आता या युक्तिवादातला सगळ्यात भक्कम भाग आधी घेऊ. आपल्याकडे लग्नाच्या अल्बमचं शीट बहुधा १२ बाय ३६ इंचांचं असतं. २७ इंची पडद्याची रुंदी साडेतेवीस इंच, ३२ इंचीची जेमतेम अठ्ठावीस. म्हणजे उघडलेलं पूर्ण शीट या दोन्हींवर खऱ्या मापात मावतच नाही. ४३ इंची पडदा मात्र साडेसदतीस इंच रुंद असतो. त्यावर शीट अगदी छापून येईल त्या मापाचं दिसतं. वधूचा चेहरा शीटवर केवढा येईल, कोपऱ्यातला तो नावांचा मजकूर वाचता येईल का, घडीच्या रेषेवर कोणाचं नाक जातंय, हे सगळं एका नजरेत. फार सोयीचं आहे हे, नाकारण्यात अर्थ नाही.

पण त्या सोयीत तपशील किती मिळतो ते बघा. ३०० डीपीआयनं छापायचं तर या शीटमध्ये १०,८०० बाय ३,६०० पिक्सेल असतात. फोर-के पडद्याची पूर्ण रुंदी ३,८४०. म्हणजे पूर्ण शीट बघताना, पडदा २७ इंची असो की ४३ इंची, दर आठ पिक्सेलांमागे साधारण एकच तुमच्यापर्यंत पोचतो. वाढले ते नुसते इंच. २७ इंचांवर एका इंचात १६३ पिक्सेल बसतात, ४३ इंचांवर १०२. तेवढीच माहिती जास्त जागेत पसरली. जो केस २७ इंचांवर दिसला नाही, तो ४३ इंचांवरही दिसणार नाही. त्याची अनुपस्थिती तेवढी मोठ्या जागेत दिसेल.

यावर उत्तर येतं की जरा लांब बसायचं. बरोबर आहे, टीव्ही लांबूनच बघायचा असतो. डोळे पडद्यापासून एक मीटरवर नेले की पिक्सेल दिसेनासे होतात, मानही फार वळवावी लागत नाही. पण मग हिशेब असा होतो: एक मीटरवरून ४३ इंची पडदा डोळ्यांत जेवढा भरतो, बरोबर तेवढाच ६३ सेंटिमीटरवरून २७ इंची पडदा भरतो. पिक्सेल सारखे आणि दृष्टीचा कोनही सारखा. मिळवलं काय? टेबल खोल करावं लागलं एवढंच. आपल्याकडची बहुतेक कॉम्प्युटर टेबलं दोन फूट खोल असतात. त्यांच्यावर ४३ इंची टीव्ही ठेवला की डोळे ६० सेंटिमीटरच्या आसपास येणार, आणि पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघायला दिवसभर मान हलवावी लागणार. एक सवलत मी देतो. पंचेचाळिशी ओलांडलेल्या, जवळचं वाचताना पुस्तक लांब धरणाऱ्या माणसाला एक मीटरवरचा पडदा ६० सेंटिमीटरवरच्यापेक्षा खरोखर सुखाचा वाटतो. त्याची अडचण खरी आहे. पण त्या अंतरासाठी करून घेतलेला चष्मा हे तिच्यावरचं जास्त स्वस्त उत्तर आहे.

खरा घोटाळा कोनांचा आहे, आणि त्याबद्दल हे सल्लागार अवाक्षर काढत नाहीत. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त टीव्हींमध्ये व्हीए जातीचं पॅनेल असतं. समोरून बघितलं तर ते उत्तम काळं दाखवतं. त्याचं काळ्या-पांढऱ्यातलं अंतर ३००० ला १ किंवा त्याहून जास्त, साध्या आयपीएस पॅनेलचं १००० ला १ च्या आसपास. दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात व्हीए म्हणूनच जिंकतं. पण याच पॅनेलची खोड अशी की बाजूनं बघितलं की गडद छटा उजळतात आणि रंग फिके पडतात. बैठकीच्या खोलीत तीन मीटरवर बसलेल्या कुटुंबाला याचा त्रास नाही, कारण तिथून पडद्याची कडासुद्धा जवळपास समोरच असते. ६० सेंटिमीटरवर बसा आणि मोजा. पडद्याच्या मध्यासमोर डोळे असले तरी ४३ इंची पडद्याची डावी-उजवी कडा तुम्हाला ३८ अंशांच्या कोनातून दिसते. कोपरे त्याहून तिरके. २७ इंचांवर हाच कोन साडेसव्वीस अंश.

कामात याचा अर्थ काय होतो? नवऱ्या मुलाची काळी शेरवानी पडद्याच्या मध्यभागी असताना तिच्यावरची नक्षी जेमतेम दिसते. तोच फोटो डावीकडे सरकवला की नक्षी उघडते. आता शॅडो किती उचलायच्या, हे कोणती जागा बघून ठरवणार? दोन फोटो शेजारी ठेवून त्वचेचा रंग जुळवायचा असेल, आणि अल्बमच्या कामात अर्धा वेळ हेच चालतं, तर डावा फोटो एका कोनातून दिसतोय आणि उजवा दुसऱ्या. जुळवलेले रंग खुर्ची अर्धा फूट सरकवली की पुन्हा बिघडतात. तुम्ही फोटो दुरुस्त करत नसता, स्वतःच्या बसण्याची जागा दुरुस्त करत असता.

टीव्हीची हुशारी हा पुढचा त्रास. प्रसन्न चित्र दाखवायचं, हे त्याचं काम. आलेल्या चित्राला तो धार लावतो, म्हणजे कडांभोवती पांढरट रेघ ओढतो, आणि तुम्ही समजता फोटो पुरेसा शार्प आहे. चित्र गडद असेल तर मागचा दिवा मंद करतो, पांढरं आलं की वाढवतो. फोटोशॉपमध्ये एक पांढरी खिडकी उघडली म्हणून शेजारच्या फोटोचा उजेड बदलावा, याला संपादनाचा पडदा म्हणायचं का? यातलं बरंच काही सेटिंगमध्ये खोलवर जाऊन बंद करता येतं. सगळं करता येतंच असं नाही, आणि जे बंद झालं ते खरंच बंद झालं की नुसतं नाव गेलं, हे कळायला मार्ग नसतो.

त्यात रंगांच्या तपशिलाची गोम आहे. बरेच टीव्ही एचडीएमआयवरून आलेल्या चित्राचा उजेड पूर्ण बारकाईनं दाखवतात, पण रंग निम्म्या बारकाईनं. चित्रपट आणि मालिका आपल्यापर्यंत येतात त्याच मुळी तशा, म्हणून सोफ्यावरून ते कळत नाही. संगणकाला जोडल्यावर मात्र आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी रंगाचे पिक्सेल निम्मे झाले, तर रंगांपुरता तुमचा फोर-के पडदा फुल-एचडीच राहिला. काळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल अक्षरं लिहून बघा, ती फिसकटलेली दिसतील. काही टीव्हींमध्ये त्या इनपुटला ‘पीसी’ असं नाव दिलं की हे सुटतं. म्हणजे नाव बदलल्यावर चित्र सुधारतं! ज्यांना ही युक्ती माहीत आहे ते भाग्यवान. पिक्सेल तेवढेच, हे वाक्य उच्चारणाऱ्या किती जणांनी ती करून बघितली आहे, असा माझा प्रश्न आहे.

मग कॅलिब्रेट करा ना टीव्ही, असं इथे कोणीतरी म्हणतं. कलरिमीटर लावा, प्रोफाइल बनवा, झालं. हा प्रतिवाद वरवर बिनतोड वाटतो, पण कलरिमीटर काय मोजतो ते बघायला हवं. पडद्याच्या मध्यावर, काचेला चिकटून, सरळ समोरून, त्या क्षणी पडणारा प्रकाश तो मोजतो. ३८ अंशांवरून बदलणारी छटा त्याला दिसत नाही. डाव्या कोपऱ्यातला पिवळसरपणा दिसत नाही. आणि चित्र बदलल्याबरोबर दिवा बदलणारा टीव्ही समोर असेल तर त्यानं काढलेलं माप पुढच्याच फोटोला शिळं होतं. कॅलिब्रेशननं चुकीचा पण स्थिर पडदा सुधारतो. ज्याची चूक दर क्षणाला आणि दर कोपऱ्यात वेगळी, त्याला सुधारायला मापच लागू पडत नाही.

आयपीएसचे ४३ इंची मॉनिटरही मिळतात आणि वरचे बरेच आक्षेप त्यांना लागत नाहीत, हे मान्य. पण ते सल्ल्यातल्या किमतीला मिळत नाहीत, त्यामुळे ते या वादात येतच नाहीत.

आता उजेडाकडे येतो. लॅबला शिव्या याच मुद्द्यावर बसतात. ‘स्क्रीनवर मस्त होतं, प्रिंट काळी आली.’ हे वाक्य अल्बम लॅबच्या काउंटरवर बसणारा माणूस झोपेतही ऐकत असेल. बहुतेक वेळा लॅबची चूक नसते. छपाईसाठी फोटो तयार करताना पडद्याचा उजेड १०० ते १२० निट्सच्या आसपास ठेवावा, असा छपाईच्या क्षेत्रातला रूढ संकेत आहे. एसआरजीबी या रंगांच्या प्रमाणात तर मुळात तो ८० निट्सच धरला होता. व्हिडिओच्या ग्रेडिंगसाठी, साध्या म्हणजे एचडीआर नसलेल्या चित्राकरता, १०० निट्स. सिनेमागृहाच्या पडद्यावर ४८. खोक्यातून काढलेला मॉनिटर २५० ते ३५० निट्सनं तळपत असतो, टीव्हीही तसाच, आणि तो हातभर अंतरावरून तोंडावर येतो. १२० च्या जागी २४० निट्स म्हणजे कॅमेऱ्याच्या भाषेत पूर्ण एक स्टॉप. डोळा थोडंफार जुळवून घेतो, सगळं नाही. चेहरा फार उजळ वाटला म्हणून तुम्ही एक्स्पोजर खाली ओढता, आणि कागदाला स्वतःचा दिवा नसतो, तो अंधारात जातो. पडदा जितका मोठा आणि जवळ, तितका त्याचा उजेड खोलीवर राज्य करतो आणि ही चूक तितकी वाढते. मॉनिटरवर एक बटण दाबून ब्राइटनेस तिसऱ्या हिश्श्यावर आणणं हा या सगळ्या धंद्यातला फुकटातला सर्वात मोठा फायदा आहे. तो कोणी घेत नाही, कारण मग पडदा दुकानातल्यासारखा झगमगत नाही.

आता मोबाइल. सगळे मोबाइलवरच बघतात, प्रत्येक मोबाइलचे रंग वेगळे, मग आपण अचूक राहून काय उपयोग? या वाक्यात निदान खरं आहे आणि उपचार उलटा. बाहेरचे पडदे वेगवेगळे आहेत, पण ते वेगवेगळे आहेत ते एका मध्याच्या भोवती. तो मध्य म्हणजे एसआरजीबी, १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं मांडलेलं आणि १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण झालेलं. कोणाचा फोन त्याच्या थोडा निळ्या बाजूला, कोणाचा पिवळ्या. तुमचं काम मध्यावर असेल तर प्रत्येक बघणाऱ्याला फक्त त्याच्या फोनची चूक दिसते. तुमचं काम आधीच निळ्या बाजूला सरकलेलं असेल तर निळ्या फोनवाल्याला दोन चुका एकदम दिसतात. घरोघरचे रेडिओ खरखरतात म्हणून आकाशवाणीच्या स्टुडिओत कोणी तंबोरा बेसूर ठेवून गायला बसत नाही. शिवाय फोनही आता पूर्वीइतके मनमानी राहिले नाहीत. आयफोन २०१६ पासून आणि अँड्रॉइड २०१७ च्या आवृत्तीपासून फोटोसोबतचं रंगांचं प्रोफाइल वाचू शकतात. खिशातला फोन प्रमाण पाळायला लागलाय आणि तो फोटो बनवणारा पडदा पाळत नाही, अशी ही गंमत आहे.

याच मुद्द्यावर ‘गेम ऑफ थ्रोन्स’चं उदाहरण हटकून काढलं जातं. एप्रिल २०१९ मध्ये ‘द लाँग नाइट’ हा भाग आला आणि जगभर ओरड झाली की काही दिसतच नाही, नुसता अंधार. छायालेखक फेबियन वॅग्नर यांनी तेव्हा सांगितलं की चित्रण हवं तसंच आहे, प्रक्षेपणातलं कॉम्प्रेशन आणि लोकांच्या टीव्हीची सेटिंग्ज याला जबाबदार आहेत. मोठ्या पडद्याचे पुरस्कर्ते म्हणतात, बघा, एवढं सगळं करून काय मिळालं? मला त्यातून वेगळंच दिसतं. तो भाग जिथे ग्रेड झाला तिथे अंधार किती खोल आहे हे कोणाला तरी ठाऊक होतं. तो अंधार त्यांनी निवडला. निवड फसली असं तुम्ही म्हणू शकता, घरातल्या टीव्हीचा अंदाज घ्यायला हवा होता असंही म्हणू शकता, आणि मी तुमच्याशी सहमत होईन. पण घरातल्या टीव्हीचा अंदाज घेण्यासाठी आधी आपलं चित्र मुळात कसं आहे ते माहीत असावं लागतं. ज्याला तेच माहीत नाही त्याचा अंधार हा निर्णय नसतो, अपघात असतो.

हळदीचे फोटो हे आपल्याकडचं या अपघाताचं खास ठिकाण. स्वस्त लॅपटॉपच्या स्पेसिफिकेशनमध्ये ‘४५ टक्के एनटीएससी’ असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एसआरजीबीमधले जेमतेम दोन तृतीयांश रंगच तो पडदा दाखवतो. त्यावर हळद मळकट दिसते, झेंडू विटलेला दिसतो, म्हणून माणूस सॅच्युरेशन चढवतो. छापून येतं तेव्हा नवरी नारिंगी झालेली असते आणि लाल शालूचं विणकाम एका सपाट लाल ठिगळात बुडालेलं असतं, कारण लाल चॅनेल केव्हाच टोकाला जाऊन बसलेला. याची उलटी बाजूही आहे. रुंद रंगपट्टा दाखवणारा पडदा विंडोजवर जोडून प्रोफाइल न लावता वापरला की सगळंच भडक दिसतं. मग माणूस रंग उतरवतो आणि अल्बम फिका येतो. चढवणारा आणि उतरवणारा, दोघांनाही आपला हात बरोबर चालला असंच वाटत असतं.

इथे दुसऱ्या टोकाच्या लोकांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत, नाहीतर माझं म्हणणं महागड्या मॉनिटरची जाहिरात समजलं जाईल. ९९ टक्के ॲडोबी आरजीबी, १० बिट, एचडीआर असं सगळं असल्याशिवाय संपादन होतच नाही, असं सांगणारी ही मंडळी. तुमची लॅब तुमच्याकडून काय घेते? बहुतेक अल्बम लॅबना एसआरजीबीतली जेपेग फाइल हवी असते. जेपेग म्हणजे ८ बिट. ॲडोबी आरजीबीतली हिरव्या-निळसर छटांची जादा श्रीमंती त्या फाइलमध्ये जातच नाही. स्वतःचा चांगला इंकजेट प्रिंटर ठेवून प्रदर्शनासाठी छापणाऱ्या माणसाला तिचा उपयोग आहे. बाकीच्यांनी तिचे पैसे भरू नयेत. एचडीआर ४०० या शिक्क्याबद्दल तर बोलायलाच नको. २०१७ मध्ये हे शिक्के निघाले तेव्हा या सगळ्यात खालच्या पायरीला पडद्याचे भाग स्वतंत्रपणे मंद-तेज करण्याची अटसुद्धा नव्हती. नुसता उजळ पडदा आणि त्यावर स्टिकर. एचडीआर व्हिडिओ ग्रेड करण्याचं काम तुमच्याकडे खरोखर येत असेल तर ४०० निट्समध्ये ते होत नाही, आणि येत नसेल तर स्टिकरचा काय उपयोग? १० बिटचं महत्त्व आकाशासारख्या सलग उतरत्या छटांमध्ये दिसतं. चांगल्या ८ बिट पडद्यावर त्यावाचून अडत नाही. मात्र असलेलं १० बिट एचडीएमआय २.० च्या वायरीतून फोर-के ६० हर्ट्झला पूर्ण रंगांसह जात नाही, डिस्प्लेपोर्ट किंवा एचडीएमआय २.१ लागतं, हे विकणारा सांगत नाही.

मग आकार? माझं मत साफ आहे: फोटो आणि व्हिडिओ दोन्ही करणाऱ्या माणसासाठी २७ किंवा ३२ इंच, फोर-के, आयपीएस, मॅट. व्हिडिओची टाइमलाइन, स्कोप, बिन आणि प्रीव्ह्यू असा संसार मांडायचा तर ३२ इंच सुखाचे, कारण फोर-के पडद्यावर फुल-एचडीचा प्रीव्ह्यू एकास एक पिक्सेल ठेवूनही बाकी सगळ्याला जागा उरते. फुल-एचडीचा २७ इंची पडदा घेऊ नका, इंचाला ८२ पिक्सेल हे हातभर अंतरावरून डोळ्यांना खुपतात. आणि दाट पडद्याचा एक तोटा कोणी सांगत नाही तो सांगतो. १६३ पिक्सेल किंवा त्याहून जास्त घनतेवर शंभर टक्के झूम केलेला फोटो इतका बारीक दिसतो की किंचित हललेला शॉटसुद्धा शार्प वाटतो आणि नॉइझ लपतो. तिथे दोनशे टक्क्यांवर जाऊन तपासायची सवय लावून घ्यावी लागते.

यापेक्षा मोठा का नको, याचा एक पुरावा मला फार बोलका वाटतो. ज्यांना पैशाची अडचण नाही त्यांच्याकडे बघा. सिनेमा आणि मोठ्या मालिकांच्या ग्रेडिंगसाठी सोनीचा बीव्हीएम-एचएक्स३१०, कॅननचा डीपी-व्ही३१२०, एझोचा कलरएज सीजी३१४६ असले रेफरन्स मॉनिटर वापरतात. किमती मोटारगाड्यांच्या. तिघांचाही आकार ३१ इंचांच्या आसपास. या कंपन्यांना मोठं पॅनेल मिळत नाही असं नाही. पण पडद्याच्या प्रत्येक कोपऱ्यात उजेड आणि रंग सारखा राखणं आकाराबरोबर अवघड होत जातं, आणि एका माणसानं एका खुर्चीतून पूर्ण चित्राचा निर्णय घ्यायला ३१ इंच पुरतात. अगदी जगातलं सर्वात चोखंदळ काम एवढ्यात होतं, तर वधू-वरांच्या अल्बमाला ४३ का लागावेत?

एक मुद्दा मात्र मोठ्या पडद्यांच्या बाजूनं नव्यानं जमा झालाय, तो लपवत नाही. ३२ इंचांपर्यंतच्या पडद्यांवर १८ टक्के जीएसटी आणि त्यावरच्यांवर २८ टक्के, असा फरक कित्येक वर्षं होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो गेला, सगळ्यांना १८. तेवढ्यापुरता टीव्ही स्वस्त झाला. उरलेल्या आक्षेपांवर करकपातीनं फरक पडत नाही.

ॲडोबी आरजीबी आणि एचडीआरच्या नादी न लागता वाचलेल्या पैशांचं काय करायचं, तर कलरिमीटर घ्या. एकट्याला जड वाटला तर तिघा-चौघांत मिळून घ्या, महिन्यातून एकदा प्रत्येकाच्या पडद्यावर अर्धा तास बसतो आणि डिस्प्लेकॅलसारखं सॉफ्टवेअर फुकट आहे. खोलीची भिंत राखाडी किंवा पांढरी करा. स्टुडिओच्या गुलाबी भिंतीसमोर बसून त्वचेचे रंग ठरवणारे लोक बघितले की मला मॉनिटरची कीव येते. खिडकी पाठीमागे नको. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, किंवा पुण्यात तापकीर गल्लीच्या बाजूला मॉनिटर बघायला जाल तेव्हा दुकानदाराचा तो मोर आणि धबधब्याचा व्हिडिओ बंद करायला सांगा. पेन ड्राइव्हवर एक सपाट मध्यम राखाडी चित्र, एक काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा उतार आणि तुमचेच दोन-तीन छापून घेतलेले फोटो घेऊन जा, प्रिंटसकट. राखाडीत कोपरे पिवळे किंवा गुलाबी पडत असतील तर तो नग नको. दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू द्या.

आणि ज्यांनी टीव्ही आधीच घेऊन टाकलाय त्यांनी तो विकायची गरज नाही. ग्रेडिंगच्या चांगल्या स्टुडिओत दोन पडदे असतात. कलरिस्टसमोर छोटा रेफरन्स मॉनिटर, आणि मागच्या सोफ्यावर बसलेल्या दिग्दर्शक-निर्मात्यांसाठी भिंतीवर मोठा टीव्ही, त्याला क्लायंट मॉनिटर म्हणतात. निर्णय छोट्यावर होतात, कौतुक मोठ्यावर. तुमचा ४३ इंची भिंतीला लावा, समोर चार खुर्च्या टाका. अल्बमचे फोटो निवडायला नवरीची आई, मावशी आणि आत्या येतील तेव्हा १२ बाय ३६ चं शीट खऱ्या मापात त्यांना त्यावरच दाखवा. ऑर्डर चार पानांनी वाढली तर तो टीव्ही फुकटात पडला समजा. फक्त मावशी म्हणाल्या की चेहरा जरा काळा वाटतोय, तर स्लायडरला हात लावण्याआधी तोच फोटो टेबलावरच्या पडद्यावर उघडून बघा.